घरात कुणालाच गलगंड नाही, मग आयोडीनयुक्त मीठ कशाला?

वाचकाचा प्रश्न : एकत्र राहणाऱ्या कुटुंबात स्वयंपाकाची आणि किराणा भरण्याची जबाबदारी सांभाळणाऱ्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्यांच्या सासूबाईंना बरीच वर्षे थायरॉइडची गोळी चालू आहे आणि पतींचा रक्तदाब वाढलेला असतो. आयोडीनयुक्त मीठ घरोघरी आल्यापासूनच थायरॉइडचे रुग्ण वाढले, असे ओळखीतल्या काहींनी सांगितल्यामुळे त्यांनी दोन महिन्यांपूर्वी नेहमीचे मीठ बंद केले आणि रसायन मिसळलेल्या मिठापेक्षा नैसर्गिक बरे, म्हणून घरात फक्त गुलाबी सैंधव आणायला सुरुवात केली. त्यांच्या शाळकरी मुलीने जुने मीठ कापलेल्या बटाट्यावर भुरभुरवून पाहिले. बटाटा निळा झाला नाही, तेव्हा पाकिटावर छापलेले आयोडीन त्यात नसतेच, अशी त्यांची खात्री झाली. धाकट्या जाऊबाईंना आता तिसरा महिना चालू आहे. त्यांनी न विचारता आपल्यापुरते आयोडीनयुक्त मीठ वेगळे आणून ठेवले आहे. त्या दिवसापासून ओट्यावर मिठाच्या दोन बरण्या आहेत आणि दोघींत अबोला आहे. “घरात आजवर कुणालाही गलगंड झालेला नाही. मी सगळ्यांच्या भल्यासाठीच मीठ बदलले. मग माझे चुकले कुठे?” असे त्या विचारतात.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात जाऊबाईंचा उल्लेख सर्वांत शेवटी, काहीशा तक्रारीच्या सुरात आला आहे. मी मात्र त्यांच्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या घरात या क्षणी आयोडीनची सर्वाधिक गरज त्यांना आहे. आपल्या गळ्यातील थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, जे संप्रेरक तयार करते त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे तीन किंवा चार अणू असतात आणि त्यांची जागा दुसरे काहीही घेऊ शकत नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूची जडणघडण या संप्रेरकावर अवलंबून असते, पण बाळाची स्वतःची ग्रंथी गर्भारपणाचा साधारण निम्मा काळ लोटल्याशिवाय पुरेसे काम करू लागत नाही. तोवर सगळा पुरवठा आईकडूनच होतो. म्हणूनच प्रौढ व्यक्तीला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरत असले तरी गर्भवतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २५० मायक्रोग्रॅमची शिफारस केली आहे. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असतानाही हीच मात्रा लागते, कारण तान्ह्या बाळाला मीठ द्यायचे नसते आणि त्याच्या वाट्याचे आयोडीन आईच्या दुधातूनच यायचे असते.

तेव्हा जाऊबाईंनी वेगळी बरणी आणली ती तुमच्यावर अविश्वास दाखवण्यासाठी आणली असेल असे मला वाटत नाही. न विचारता आणली हे तुम्हाला लागले, आणि ते समजण्यासारखे आहे. पण त्या बरणीतले मीठ योग्य आहे.

हे वाचून लगेच धास्तावूही नका. पूर्वी पुरेसे आयोडीन मिळत असेल तर शरीरात त्याचा १५ ते २० मिलिग्रॅम साठा असतो, त्यातला बहुतांश थायरॉइडमध्ये असतो आणि ती शिल्लक काही आठवडे ते काही महिने पुरते. दोन महिन्यांच्या सैंधवाने मोठे काही बिघडले असेल असे समजायचे कारण नाही. मात्र पुढच्या तपासणीच्या वेळी जाऊबाईंनी डॉक्टरांना ही गोष्ट मोकळेपणाने सांगावी आणि आपल्याला चालू असलेल्या गोळ्यांत आयोडीन आहे का, वेगळे घ्यायला हवे का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. राहिलेली कसर भरून काढण्यासाठी समुद्रशेवाळाच्या गोळ्या किंवा पावडरी मनाने आणू नयेत. त्यांतील आयोडीनचे प्रमाण इतके बेभरवशाचे असते की गरजेच्या कित्येक पट मात्रा सहज पोटात जाऊ शकते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळते. घरात कुणाला गलगंड नाही, यावरून आयोडीनची गरज नाही असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे. तो निघत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले अगदी साधे आहे. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तुमच्या घरात आयोडीनयुक्त मीठच वापरात होते, त्यामुळे गलगंड नसण्यामागे तेच मीठ असण्याची शक्यता तुम्ही हिशेबात धरलेली नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आयोडीन कमी पडू लागले की मेंदूतील पीयूष ग्रंथी थायरॉइडला अधिक काम करण्याचा इशारा देते आणि मिळेल तेवढे आयोडीन टिपून घेण्याच्या प्रयत्नात ती ग्रंथी वाढत जाते. गळ्यावर उठून दिसणारा गलगंड ही या ओढाताणीची फार पुढची अवस्था आहे. त्याआधीची सौम्य कमतरता आरशात दिसत नाही, दुखत नाही आणि कुणी तिची तक्रारही करत नाही. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. गर्भारपणाच्या सुरुवातीला ज्या मातांना आयोडीन थोडेसेच कमी पडले होते, त्यांच्या मुलांचे शाब्दिक बुद्ध्यांक आणि वाचनाचे गुण आठ-नऊ वर्षांच्या वयात तुलनेने कमी आढळले.

मग तपासून का पाहू नये, असे तुम्ही विचाराल. लघवीतील आयोडीन मोजता येते, पण ते आदल्या दिवशीच्या खाण्याप्रमाणे इतके बदलते की एका व्यक्तीच्या एका नमुन्यावरून फारसे काही सांगता येत नाही. एखाद्या मोठ्या लोकसमूहातील अनेक नमुन्यांचा मध्यांक, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, प्रतिलिटर १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल, तर त्या समूहाला आयोडीन कमी पडते आहे असे मानतात. एका घरापुरता विचार करायचा तर तपासण्यांच्या मागे लागण्यापेक्षा योग्य मीठ वापरणे कितीतरी सोपे आहे.

तुमचा दुसरा आक्षेप ‘नैसर्गिक’ या शब्दाभोवती फिरतो, आणि त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण असे पत्र लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. सैंधव खाणीतून येते, त्यात सगळी खनिजे मुळातच असतात, मग त्यात आयोडीनही असणारच, अशी समजूत त्यामागे असते. सैंधवाचा गुलाबी रंग मुख्यतः लोहाच्या संयुगांमुळे येतो, ते ९५ टक्क्यांहून अधिक सोडियम क्लोराइडच असते आणि त्यातील इतर खनिजे उपयोगी पडण्याइतक्या मात्रेत मिळवायची तर जितके सैंधव खावे लागेल तितके कुणीही खाऊ नये. आयोडीन त्यात नगण्य असते. समुद्राच्या मिठाचेही तसेच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि जेमतेम ५० ते ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. म्हणजे पाणी आटवताना त्यातला कणही वाया गेला नाही असे घटकाभर धरले तरी ग्रॅमभर मिठातून दोन मायक्रोग्रॅमसुद्धा पदरात पडत नाही, आणि प्रत्यक्षात मिठाचे स्फटिक तयार होताना बहुतेक आयोडीन मागे उरणाऱ्या पाण्यातच राहते. आयोडीनयुक्त मिठाच्या एका ग्रॅममध्ये मात्र १५ ते ४० मायक्रोग्रॅम आयोडीन असते.

जमिनीतील आयोडीन पाऊस, पूर आणि हिमनद्या हजारो वर्षे धुऊन नेत आल्या आहेत. डोंगराळ मुलूख आणि वारंवार पुराखाली जाणारी मैदाने यांत त्याची टंचाई विशेष असते. तिथले धान्य, भाजी आणि तिथल्या चाऱ्यावर वाढलेल्या जनावरांचे दूध या सगळ्यांत ते कमीच उतरते. अशा जागी निसर्गावर भिस्त ठेवणाऱ्या माणसांच्या गळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या गलगंड लोंबत असत आणि काही मुले जन्मतःच मूकबधिर व मतिमंद निपजत. तोही निसर्गच होता.

‘रसायन’ म्हणून ज्याची तुम्हाला भीती वाटते त्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात डेव्हिड मरीन आणि ऑलिव्हर किंबल यांनी १९१७ पासून शाळकरी मुलींना आयोडीन देऊन पाहिले. दिलेल्या दोन हजारांहून अधिक मुलींपैकी केवळ ५ जणींचा गळा सुजला, तर न दिलेल्या साधारण तितक्याच मुलींपैकी तो सुमारे पाचशे जणींचा सुजला. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ साली आणि अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९२४ साली आयोडीनयुक्त मीठ लोकांपर्यंत पोहोचू लागले. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग पाडून दोन भागांना आयोडीनयुक्त आणि एका भागाला साधे मीठ पुरवले. काही वर्षांत पहिल्या दोन भागांतील गलगंड ठळकपणे घटला. वाहन म्हणून मीठच निवडले गेले, कारण ते गरीब-श्रीमंत सगळेच खातात, रोज खातात आणि साधारण ठरावीक मात्रेत खातात. लागते तरी किती? रोजचे १५० मायक्रोग्रॅम धरले तर ७० वर्षांच्या आयुष्याला जेमतेम चार ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचाभरसुद्धा नाही. पण तो चमचा एकदम घेऊन चालत नाही, थेंबाथेंबाने रोज मिळावा लागतो.

थायरॉइडचे रुग्ण आयोडीनयुक्त मिठामुळे वाढले, हे तुम्ही ऐकलेले मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात सत्याचा एक कण आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्यात १९६६ साली पावात आयोडीन घालायला सुरुवात झाल्यावर थायरॉइडचे काम अतिरेकी वाढण्याचे रुग्ण काही काळ वाढले. ते बहुतांश उतारवयातले होते आणि वर्षानुवर्षांच्या कमतरतेमुळे त्यांच्या ग्रंथींत आधीच गाठी झालेल्या होत्या. डेन्मार्कमध्ये २००० साली मिठात आयोडीन सक्तीचे झाल्यावर असे रुग्ण आधी वाढले आणि नंतर पूर्वीपेक्षाही कमी झाले. थायरॉइड मंदावण्याचे प्रमाण मात्र तिथे थोडे वाढलेले दिसले. म्हणजे दीर्घ कमतरता भरून काढताना काहींना त्रास होऊ शकतो, आणि अतिरेकी मात्राही वाईटच. पण चवीपुरत्या मिठातून तो अतिरेक सहसा होत नाही, आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पुढच्या पिढीचे मेंदू आहेत हे विसरता येत नाही.

सासूबाईंबद्दल दोन शब्द लिहिते. ज्यांना आयोडीन पुरेसे मिळते त्यांच्यात थायरॉइड मंदावण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला. आयोडीनयुक्त मीठ थांबवून तो आजार बरा होत नाही आणि अधिक खाऊनही होत नाही. गंमत अशी की त्या रोज सकाळी जी थायरॉक्सिनची गोळी घेतात, तिच्यातील मूळ औषधाच्या वजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग आयोडीनच असतो. ती गोळी घेणाऱ्यांना घरातले नेहमीचे आयोडीनयुक्त मीठ सर्वसाधारणपणे चालते. थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार करण्यापूर्वी मात्र डॉक्टर काही दिवस आयोडीन वर्ज्य करायला सांगतात. तसे सांगितले असेल तर त्या माणसापुरते ते काटेकोर पाळायचे, सगळ्या घराने नव्हे.

पतींच्या रक्तदाबाला आयोडीनचा काहीच उपद्रव नाही, उपद्रव सोडियमचा आहे आणि तो सैंधवातही जवळजवळ तेवढाच आहे. गुलाबी आहे म्हणून हात सैल सुटत असेल तर उलट नुकसानच. दिवसाला एका माणसाच्या पोटात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून थोडे कमीच मीठ जावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मीठ कमी केले तर आयोडीन कमी पडेल, म्हणून मीठ वाढवावे, असा उफराटा हिशेब कृपा करून कुणी मांडू नये. लोक रोज १० ग्रॅम मीठ खात असतील तर किलोला २० मिलिग्रॅम आणि ५ ग्रॅम खात असतील तर ३९ मिलिग्रॅम आयोडीन घालावे, असे त्या संघटनेच्या २०१४ सालच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. कमी मिठाशी मेळ घालण्याचे काम अशा रीतीने मीठ तयार करणाऱ्यांनी करायचे असते. दूध, अंडी आणि मासे जे खातात त्यांना काही वाटा त्यांतूनही मिळतो. कमी सोडियमचे मीठ आणायचा विचार असेल तर ते आयोडीनयुक्त आहे का हे पाकिटावर पाहा, आणि त्यात बहुधा पोटॅशियम असते म्हणून पतींच्या मूत्रपिंडांबद्दल आणि औषधांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

आता तुमच्या मुलीचा बटाटा. तिचे मला कौतुक वाटले, कारण ऐकीव गोष्ट तपासून पाहावी असे त्या घरात तिलाच सुचले. तिच्या प्रयोगात चूक नाही, त्यातून काढलेल्या अर्थात आहे. बटाट्यातील स्टार्चला, म्हणजे पिष्टाला, निळा रंग येतो तो मुक्त आयोडीनमुळे, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तपकिरी द्रावणातील आयोडीनमुळे. मिठात ते मुक्त स्वरूपात नसते, मुक्त असते तर उडूनच गेले असते. मिठात असते ते बहुधा पोटॅशियम आयोडेट, दमट हवेतही टिकणारे पांढरे संयुग. त्यातून आयोडीन मोकळे करायचे तर आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड दोन्ही लागतात. मीठ तपासण्याच्या छोट्या बाटल्यांतील द्रावणात ही दोन्ही आणि स्टार्च आधीच मिसळलेली असतात. चमचाभर मीठ सपाट करून त्यावर थेंब टाकला की तो फिकट जांभळ्यापासून गर्द निळ्यापर्यंत रंग धरतो. त्यावरून आयोडेट आहे की नाही एवढे कळते, नेमके किती आहे ते सांगण्याइतकी ती चाचणी काटेकोर नाही. बटाटा कोराच राहणार होता, मीठ कितीही चांगले असते तरी. तिला हा प्रयोग शाळेतल्या बाईंच्या देखरेखीखाली नीट करू द्या, आणि सोबत तुमचे सैंधवही न्यायला सांगा.

मीठ बदलले तरी ते सांभाळले नाही तर उपयोग अर्धा होतो. ओलावा, ऊन, उष्णता आणि उघडी बरणी ही आयोडीन घटवणारी चौकडी आहे. मी स्वतः कितीतरी वर्षे मिठाचे भांडे शेगडीला लागून, बिनझाकणाचे, वर ओला चमचा तसाच खुपसून ठेवत असे. खाली मिठाला पाणी सुटलेले दिसे, मी वरवरचे कोरडे मीठ घेत असे आणि आयोडीनच्या गप्पा मारत असे! घट्ट झाकणाची बरणी, शेगडीपासून हातभर दूर, फळीवर सावलीत, आत कोरडा चमचा, एवढे पुरते. पाकीट महिना-दोन महिन्यांत संपेल एवढेच आणावे आणि त्यावरची तारीख पाहावी. खडे मीठ आयोडीनयुक्त मिळते, पण काही जणी ते स्वच्छतेसाठी धुऊन वाळवतात. आयोडीन खड्यांच्या पृष्ठभागावरच असते, ते पहिल्याच पाण्याबरोबर मोरीत जाते. शिजवताना काही अंश कमी होतो हे खरे, आणि ती घट मात्रा ठरवताना धरलेली असते. तरी ज्या पदार्थाला चालेल त्यात मीठ शेवटी घालावे आणि मिठाच्या पाण्यात उकडून ते पाणी ओतून देण्यापेक्षा अंगच्या पाण्यात शिजवावे. विकतच्या तयार पदार्थांत मीठ पुष्कळ असते, पण ते आयोडीनयुक्त असेलच असे नाही. बाहेर खारट खाल्ले म्हणजे आयोडीन मिळाले असे धरू नये.

राहता राहिल्या दोन बरण्या. तीन वाटा मला दिसतात. दोन्ही बरण्या अशाच ठेवता येतील, पण मग एकाच भांड्यातल्या भाजीत कोणते मीठ पडले याची चौकशी जाऊबाई रोज करणार आणि तुमची वाढत्या वयातली मुलगी, जिला आयोडीनची गरज आहेच, सैंधवाच्या बाजूला राहणार. सैंधवच हवे असेल तर आयोडीन मिसळलेले सैंधवही काही ठिकाणी मिळते, पाकिटावर तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच ते आणावे. तिसरी आणि मला पटणारी वाट म्हणजे रोजच्या सगळ्या स्वयंपाकाला एकच आयोडीनयुक्त मीठ, तेही हात आखडून, आणि उरलेले सैंधव कधीतरी वरून चिमूटभर भुरभुरवण्यापुरते ठेवून संपवून टाकणे. चव आवडते म्हणून खावे, त्याला माझी ना नाही.

अबोला मोडण्यासाठी लांबलचक स्पष्टीकरणाची गरज नाही. उद्या भाजी फोडणीला टाकाल तेव्हा जाऊबाईंना एवढेच विचारा, “तुझ्या बरणीतले घालू का गं?” आणि ती बरणी शेगडीजवळ ठेवलेली असेल तर उचलून फळीवर ठेवा.